चेनसॉच्या सिलिंडरचं पोर्ट-टायमिंग: कसं मोजावं, किती बदलावं

टू-स्ट्रोक इंजिनाचा सिलिंडर घासून गाडी पळवणं हे आपल्याकडच्या मेस्त्रींना नवं नाही. आरएक्स १००, येझदी, राजदूत यांची पोर्टं घासून घासून एक अख्खी पिढी तयार झाली. त्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ गेल्या, पण टू-स्ट्रोक इंजिन गेलेलं नाही. ते चेनसॉत आहे, ग्रासकटरमध्ये आहे, फवारणी पंपात आहे. कोकणात २०२० साली निसर्ग आणि २०२१ साली तौक्ते ही वादळं येऊन गेली, तेव्हा आडवे झालेले माड-पोफळी नि आंबे कापायला चेनसॉच कामाला आल्या. त्यानंतर ‘हिची ताकद वाढवून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईक मेस्त्रीकडे येऊ लागलं असेल, तर त्यात आश्चर्य नाही.

हा लेख त्या मेस्त्रीसाठी आहे, आणि स्वतःची मशीन स्वतः खोलणाऱ्या हौशी माणसासाठीही. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. मोटरसायकलचे आकडे चेनसॉला लावू नका. गाडीला जे टायमिंग पळवतं, ते चेनसॉला लुळं करतं. का, ते आधी समजून घेऊ, म्हणजे मोजायचं कशासाठी हेही कळेल.

या टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे डोक्यात व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं, म्हणजे पोर्टं, पिस्टनच उघडतो आणि बंद करतो. पिस्टन खाली येताना त्याच्या माथ्याची कड आधी एक्झॉस्टचं छत ओलांडते आणि जळालेला वायू बाहेर पडू लागतो. थोडं आणखी खाली गेल्यावर ट्रान्सफर पोर्टं उघडतात आणि क्रँककेसमधला ताजा मिक्स वर येतो. पिस्टन परत वर जाताना याच गोष्टी उलट क्रमाने बंद होतात. म्हणजे तळाशी पोचल्यानंतर आधी ट्रान्सफर बंद होतं, एक्झॉस्ट मात्र काही काळ उघडंच राहतं. नेमक्या त्या वेळात ताजा मिक्स सायलेन्सरकडे निसटतो.

रेसच्या मोटरसायकलमध्ये हा निसटलेला मिक्स परत आणायची सोय असते. लांब, फुगीर, शेवटी निमुळता होणारा एक्सपान्शन चेंबर दाबाची लाट परत पाठवतो आणि ती लाट मिक्स पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. पूर्व जर्मनीत त्शोपाऊच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५०च्या दशकात हे तंत्र पक्कं केलं, आणि म्हणून रेसच्या गाड्यांचं एक्झॉस्ट १९० ते २०० अंश उघडं ठेवता येतं. चेनसॉचा सायलेन्सर म्हणजे तळहातात मावेल एवढा पत्र्याचा डबा. त्यातून परत येणाऱ्या लाटेचा उपयोग जवळजवळ शून्य. एक्झॉस्ट जितकं वर नेऊन ठेवाल, तितका दाबायला मिळणारा स्ट्रोक कमी होतो आणि तितका मिक्स वाया जातो. मग हवेत मशीन किंचाळते आणि लाकडात घातली की बसते. कामाच्या चेनसॉला एक्झॉस्टचा एकूण काळ साधारण १५५ ते १६५ अंशांच्या आत ठेवावा, यापलीकडचे प्रयोग लाकूडतोडीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या, चेंबर लावलेल्या मशिनींसाठी सोडावेत.

घासण्याआधी

सिलिंडरला हात लावण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, चेनची धार. बोथट चेन असलेली मशीन कितीही पोर्टिंग केलं तरी भुसाच उडवते. कानस घेऊन दहा मिनिटं दिलीत तर पुष्कळ गिऱ्हाइकांचं काम तिथेच होतं. दोन, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचा डायफ्रॅम. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि बहुतेक चेनसॉ कंपन्यांच्या पुस्तिकांत १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते. इथेनॉलने डायफ्रॅम आणि नळ्या कडक होतात, मिक्स हलका पडतो. अशी मशीन ‘ताकद नाही’ म्हणून तुमच्याकडे येते, पण रोग पोर्टात नसतो. तीन, सायलेन्सर. त्याच्या तोंडावरची जाळी काजळीने बुजलेली असेल तर आधी ती साफ करा. जाळी काढून फेकू मात्र नका. ती ठिणगी अडवते, आणि मार्च-एप्रिलमध्ये सह्याद्रीच्या उतारांवरचं वाळलेलं गवत पेटायला एक ठिणगी पुरते. आपल्या मशिनीमुळे वणवा लागला तर वाढलेल्या ताकदीचं काय करायचं?

मशिनीवर लिहिलेल्या सीसीवर विसंबू नका, विशेषतः स्वस्तातल्या मशिनींच्या बाबतीत. व्हर्नियरने बोअर मोजा, स्ट्रोक मोजा आणि हिशेब करा. ५० मि.मी. बोअर आणि ३६ मि.मी. स्ट्रोक म्हणजे ७०.७ सीसी, हस्क्वार्नाच्या ३७२ एक्सपीचं माप हेच आहे. पुढची सगळी उदाहरणं मी याच मापाची घेणार आहे. कनेक्टिंग रॉड मात्र उदाहरणापुरता ६६ मि.मी. धरला आहे, तुमच्या मशिनीचा तुम्ही मोजून घ्या.

आणखी एक पाहणी. सिलिंडर आणि क्रँककेस यांच्यात बेस गॅस्केट आहे का? स्टील (Stihl) कंपनीच्या एमएस १८०, एमएस २५० यांसारख्या मशिनींत क्रँकची खालची टोपी थेट सिलिंडरला बोल्टने बसते, मध्ये फक्त सीलंट असतं. तिथे गॅस्केट काढून सिलिंडर खाली आणण्याचा मार्गच नाही. आणि पिस्टनच्या बाजूला खिडक्या कापलेल्या दिसल्या, तर ती ट्रान्सफरमध्ये आधी कोरी हवा भरणारी स्ट्रॅटो मशीन आहे. हस्क्वार्नाचं एक्स-टॉर्क, स्टीलचं टू-मिक्स ही तीच जात. तिच्यात पोर्टं एकमेकांशी फार बारीक हिशेबाने जुळवलेली असतात. पहिलाच सिलिंडर घासायला घेताना अशी मशीन घेऊ नका.

टीडीसी बिनचूक सापडली तरच पुढचं खरं

टायमिंग मोजायला लागते ती अंशांची चकती. ती विकत मिळते, कोनमापकाची मोठी छापील प्रत जाड पुठ्ठ्यावर चिकटवूनही होते. चकती जितकी मोठी तितकी बरी. २०० मि.मी. व्यासाच्या चकतीच्या कडेवर एक अंश म्हणजे पावणेदोन मि.मी. अंतर, तेवढं डोळ्यांना स्पष्ट दिसतं. जुन्या सीडीएवढ्या चकतीवर तोच अंश एक मि.मी.वर येतो आणि अंदाजाला जागा राहते.

बार-चेन काढून ठेवा. स्टार्टरचं कव्हर काढा आणि चकती फ्लायव्हीलला पक्की बसवा. क्रँककेसच्या एखाद्या बोल्टखाली बाइंडिंग तार अडकवून तिचं टोक चकतीच्या कडेला आणा, हा झाला काटा. चकती क्लचच्या बाजूला लावायची असेल आणि क्लच काढावा लागला, तर लक्षात ठेवा की बहुतेक चेनसॉंत क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. दरवर्षी कितीतरी क्रँक उलट जोर लावून वाया जातात.

आता टीडीसी, म्हणजे पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू. हा नुसत्या डोळ्यांनी किंवा प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून काढू नका. माथ्यावर पोचल्यावर पिस्टन काही अंशांपर्यंत हललाच नाही असं वाटतं, तिथे तीन-चार अंशांची चूक सहज होते, आणि आपण पुढे एकेका अंशाचा हिशेब करणार आहोत. त्यासाठी पिस्टन अडवणारा स्टॉप लागतो. पडीक प्लगमधला चिनी मातीचा भाग फोडून काढा, आत आटे पाडा, त्यात एक लांब बोल्ट बसवा आणि बोल्टचं टोक घासून गोल करा, म्हणजे पिस्टनचा माथा खरचटणार नाही. हा स्टॉप प्लगच्या जागी लावला की पिस्टन टीडीसीला पोचायच्या आधीच अडतो. स्टार्टरच्या दोरीचा गुंडाळा भोकातून आत घालणारे पुष्कळ आहेत. क्लच सोडवायला ते ठीक आहे, पण मोजमापाला नाही, कारण दोरी दबते, शिवाय तिचा पीळ पोर्टात अडकायची भीती.

फ्लायव्हील हाताने हळू फिरवा, पिस्टन स्टॉपला टेकला की काट्यावरचा आकडा लिहा. मग उलट दिशेने फिरवा, पुन्हा टेकला की आकडा लिहा. समजा एका बाजूला ३८ आणि दुसऱ्या बाजूला ३० आले. बेरीज ६८, तिचं अर्धं ३४. काटा वाकवून किंवा चकती सरकवून दोन्ही बाजूंना ३४ येतील असं करा. दोन-तीन वेळा फिरवून खात्री करा, मग चकतीचं शून्य म्हणजेच खरी टीडीसी. स्टॉप काढा आणि यानंतर चकतीला धक्का लागू देऊ नका.

पोर्टं वाचणं

सायलेन्सर काढा. प्लगच्या भोकातून बारीक टॉर्चचा उजेड सोडा आणि एक्झॉस्टमधून आत बघा. पिस्टन खाली आणताना त्याच्या कडेवर उजेडाची पहिली रेघ उमटली की एक्झॉस्ट उघडलं. डोळ्यांचा भरवसा वाटत नसेल तर सेलोफेनची बारीक पट्टी पोर्टातून आत सरकवा. पिस्टन वर जाताना पट्टी छताशी चिमटीत सापडते, मग पिस्टन जरासा मागे घ्या. पट्टी जिथे मोकळी होते, तो आकडा. पोलादी फीलर वापरला तर सिलिंडरच्या कोटिंगला आणि पिस्टनला चरा पडू शकतो.

उघडण्याचा आकडा टीडीसीनंतरचा आणि बंद होण्याचा टीडीसीआधीचा, दोन्ही घ्या. दोन्ही सारखे यायला हवेत. एकीकडे १०१ आणि दुसरीकडे १०४ आले तर पोर्ट वाकडं नाही, तुमची टीडीसी दीड अंशाने चुकली आहे. ही फुकटची तपासणी कधीच टाळू नका.

समजा एक्झॉस्ट टीडीसीनंतर १०२ अंशांवर उघडतं. ३६० मधून त्याची दुप्पट वजा केली की एकूण काळ आला: ३६० वजा २०४ म्हणजे १५६ अंश.

ट्रान्सफर पोर्टं बाजूला, आत वळलेली असतात. ती सिलिंडर बसवलेला असताना नीट दिसत नाहीत, म्हणून ती मी हिशेबाने काढतो. सिलिंडर उतरवून आत कागदाची गुंडाळी घाला, बोटाने दाबून पेन्सिल फिरवा. सगळ्या पोर्टांच्या कडा कागदावर उमटतात. एक्झॉस्टचं छत आणि ट्रान्सफरचं छत यांतलं उभं अंतर या नकाशावर व्हर्नियरने मोजा. आता अंतराचं अंशांत रूपांतर करायचं. स्ट्रोकच्या अर्ध्याला र, कनेक्टिंग रॉडच्या लांबीला ल आणि कोनाला क म्हणा. टीडीसीपासून पिस्टन किती खाली आहे, त्याचं सूत्र असं:

र × (१ − कॉस क) + ल − √(ल² − (र × साइन क)²)

आपल्या मापाच्या इंजिनात, म्हणजे र १८ आणि ल ६६ धरून, १०० अंशांवर पिस्टन २३.५५ मि.मी. खाली असतो, १०२ वर २४.१३, १०५ वर २४.९९, १२० वर २८.८७ आणि १२२ वर २९.३३. नकाशावर दोन छतांमध्ये ५.२ मि.मी. अंतर आलं, तर एक्झॉस्ट १०२ ला आणि ट्रान्सफर १२२ ला. मोबाईलच्या स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र एकदा भरून ठेवा, पुढे प्रत्येक मशिनीला फक्त दोन आकडे बदलायचे.

एक्झॉस्ट आणि ट्रान्सफर यांच्या उघडण्यातला हा २० अंशांचा फरक म्हणजे ब्लोडाउन. जळालेल्या वायूचा दाब ट्रान्सफर उघडण्याआधी उतरायला हवा, त्याला मिळणारा वेळ हाच. तो कमी पडला तर जळका वायू उलटा ट्रान्सफरमध्ये घुसतो. सिलिंडर उतरवल्यावर ट्रान्सफरच्या वाटांत आतपर्यंत काळी काजळी दिसली, तर ब्लोडाउन अपुरा आहे किंवा सायलेन्सर बुजलेला आहे असं समजा. चेनसॉला १८ ते २२ अंश चांगले. इनटेक पिस्टनचा खालचा स्कर्ट उघडतो. कार्ब्युरेटर काढून, पिस्टन वर जाताना, इनटेकच्या तळाशी फट कधी दिसते ते बघा. टीडीसीआधी ७८ अंश आले तर एकूण १५६.

हे सगळे आकडे वहीत लिहा, मशिनीच्या नंबरसकट, आणि नकाशाचा कागदही त्याच पानावर चिकटवा.

सगळ्यांत मोठी कमाई स्क्विशमध्ये

टीडीसीला पिस्टनची कड आणि सिलिंडरचं डोकं यांत उरणारी फट म्हणजे स्क्विश. कारखान्यातून ती बऱ्याचदा १ मि.मी.च्या आसपास येते, कारण हजारो मशिनी जोडताना मापांत थोडं इकडेतिकडे होणार हे गृहीत धरावं लागतं. तुम्ही एकच मशीन हाताने जोडता, त्यामुळे ती फट अर्ध्यावर आणू शकता. माझ्या मते पहिल्या पोर्टिंगमध्ये एवढंच काम करावं.

मोजायला सोल्डरची तार घ्या, दीडेक मि.मी. जाडीची. दोन तुकडे प्लगच्या भोकातून आत घाला, दोन्ही बाजूंना सिलिंडरच्या भिंतीला टेकतील असे, आणि नेमके गजन पिनच्या रेषेवर. पिस्टन पिनवर पुढे-मागे डुलतो, पण पिनच्या रेषेवर डुलत नाही, म्हणून मोजमाप तिथलंच खरं. दोन्ही तुकडे एकाच वेळी, नाहीतर पिस्टन एका बाजूला कलतो. फ्लायव्हील एकदा टीडीसीवरून फिरवा, तारा बाहेर काढा आणि चपटं झालेलं टोक मायक्रोमीटरने मोजा.

फट १ मि.मी. आणि बेस गॅस्केट ०.५ मि.मी. निघालं, तर नशीब चांगलं. गॅस्केट काढून टाका, स्क्विश ०.५ वर आला. ०.४५ च्या खाली कधीच जाऊ नका. मोठ्या आरपीएमवर रॉड ताणतो, बेअरिंगमध्ये थोडी ढील असते, पिस्टन गरम होऊन फुगतो, आणि काजळीचा थर त्याच फटीत जमतो. गॅस्केट काढूनही फट मोठीच राहिली तर सिलिंडरचा पाया लेथवर उतरवावा लागतो. तो बोअरशी अगदी काटकोनात राहायला हवा, म्हणून असं काम पूर्वी केलेल्या लेथवाल्याकडेच द्या.

या अर्ध्या मि.मी.ने काय होतं ते आकड्यांत बघा. ५० मि.मी. बोअरमध्ये अर्धा मि.मी. म्हणजे जवळपास १ सीसी. डोक्यातली जागा समजा ७ सीसी होती, ती ६ झाली. सिलिंडर खाली आल्यामुळे एक्झॉस्टचं छतही अर्धा मि.मी. खाली आलं, म्हणजे एक्झॉस्ट बंद झाल्यावर दाबायला मिळणारा स्ट्रोक २४.१३ वरून २४.६३ झाला. एक्झॉस्ट बंद झाल्यापासूनचं कॉम्प्रेशन ७.८ वरून ९ वर गेलं. लाकडात मशीन दबत नाही, ती यामुळे. पोर्टाला कानसही लागलेली नाही.

त्याच वेळी टायमिंगही सरकतं, आणि इथे बरेच जण गोंधळतात. एक्झॉस्टच्या आसपास आपल्या इंजिनात एक अंश म्हणजे सुमारे ०.२९ मि.मी., त्यामुळे १०२ चं पावणेदोन अंशांनी पुढे जाऊन जवळपास १०४ होतं. ट्रान्सफरच्या आसपास एक अंश ०.२३ मि.मी.चा, म्हणून १२२ चं १२४ च्या थोडं वर जातं. इनटेक मात्र उलट वागतं. त्याचा तळ खाली आल्यामुळे स्कर्ट त्याला लवकर उघडतो, प्रत्येक बाजूला दीड अंश, म्हणजे एकूण काळ १५६ चा १५९ होतो. ब्लोडाउन जवळजवळ तेवढाच राहतो. एवढ्यावर थांबलात तर मशीन खालच्या आरपीएमला जोमदार होते. झाड पाडणाऱ्या, जाड ओंडके आडवे कापणाऱ्या माणसाला हेच हवं असतं. बारीक फांद्या भराभर छाटणाऱ्याला वरचा वेग हवा असेल, तर एक्झॉस्टचं छत परत मूळ १०२ वर आणा, म्हणजे अर्धा मि.मी. घासा. मूळ जागेच्या वर नेण्याचं कारण कामाच्या मशिनीत मला अजून पटलेलं नाही.

घासताना

एक्झॉस्टची उंची वाढवण्यापेक्षा रुंदी वाढवा. तेवढ्याच वेळात जास्त वायू बाहेर पडतो आणि स्ट्रोक वाया जात नाही. पण रुंदीला दोन मर्यादा आहेत. पहिली रिंगची. एकसंध पोर्टाची रुंदी, सरळ रेषेत मोजलेली, बोअरच्या ६५ ते ७० टक्क्यांच्या पुढे नको. ५० च्या बोअरला ३५ मि.मी. ही शेवटची हद्द. त्यापलीकडे रिंग पोर्टात फुगते आणि कडेला अडकून तुटते. छत सपाट ठेवू नका, किंचित कमानदार ठेवा, म्हणजे रिंग हळूहळू आत ढकलली जाते. दुसरी मर्यादा स्कर्टची. पिस्टन टीडीसीला असताना त्याच्या स्कर्टने एक्झॉस्ट पूर्ण झाकायला हवं, दोन्ही कडांना किमान २ मि.मी. जास्तीचं. नाहीतर क्रँककेस थेट सायलेन्सरला उघडा होतो. पिस्टन आत ठेवून, टीडीसीला आणून, पोर्टातून बारीक टोकाने स्कर्टच्या कडा आखून घ्या आणि मगच घासायला बसा. स्कर्टची खालची कडही बघा. टीडीसीला ती एक्झॉस्टच्या तळाच्या वर जात असेल तर तळाला हात लावू नका.

रिंगची टोकं कुठे येतात, तेही तपासा. ती एका बारीक पिनने एका जागी अडवलेली असतात, बहुधा इनटेकच्या बाजूला. इनटेक रुंद करताना ते टोक पोर्टावर आलं तर रिंग पहिल्याच मिनिटाला जाईल.

बहुतेक चेनसॉंच्या बोअरला निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा कठीण थर असतो. कार्बाइडचा बर त्याच्यावर उड्या मारतो. डायमंडचा बर घ्या, आणि तो नेहमी बोअरच्या आतून बाहेरच्या दिशेने चालवा, म्हणजे थर ॲल्युमिनियमवर दाबला जातो. बाहेरून आत ओढलात तर कडेचे कपचे उडतात. थर कापून झाल्यावर मागचं मऊ ॲल्युमिनियम कार्बाइडने काढता येतं. थोडं घासा, सिलिंडर धुवा, बसवा, मोजा, पुन्हा थोडं घासा. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला मास्क हवाच, ही धूळ छातीत जाऊ द्यायची नाही.

ट्रान्सफरचं छत घासू नका. त्याचा कोन ताज्या मिक्सला एक्झॉस्टपासून दूर, मागच्या भिंतीकडे वळवतो. श्नुर्ले यांनी १९२०च्या दशकात जर्मनीत शोधलेली ही वळणाची रीत आजही जवळजवळ प्रत्येक लहान टू-स्ट्रोकमध्ये आहे, आणि हाताने चालवलेल्या बरने ती बिघडते, सुधारत नाही. ओतकामाचे कंगोरे राहिले असतील तर तेवढे काढा. इनटेकची आतली भिंत आरशासारखी चकचकीत करण्यातही अर्थ नाही. खरखरीत असली तर पेट्रोलचे थेंब हवेत नीट मिसळतात.

शेवटी सगळ्या कडांना बोअरच्या बाजूने किंचित उतार द्या. घासकामाची नखाला लागणारी धार कुठेही राहता कामा नये. बारीक पॉलिश पेपर आणि बोट, एवढंच पुरे. मग साबणाच्या पाण्याने सिलिंडर दोनदा धुवा आणि पांढरा फडका आतून फिरवा. फडक्यावर करडा डाग येतो तोवर धूळ आत आहे.

जोडणी आणि पहिली टाकी

गॅस्केट काढलेला पाया बसवताना उष्णता आणि पेट्रोल दोन्ही सोसणारं सीलंट पातळ लावा. जाड थर दिलात तर कमावलेला स्क्विश गेला, शिवाय आतले जास्तीचे गोळे तुटून बेअरिंगमध्ये जातात. सिलिंडर खाली आल्यामुळे इनटेकची रबरी नळी ओढली जात नाही ना, क्रँकची वजनं सिलिंडरच्या खालच्या कडेला लागत नाहीत ना, सायलेन्सर नीट बसतो ना, हे हाताने फिरवून बघा. मग स्क्विश परत मोजा. इनटेक आणि एक्झॉस्ट रबराने बंद करून प्लगच्या भोकातून किंवा इम्पल्सच्या नळीतून ०.५ बार हवेचा दाब द्या आणि तो टिकतो का पाहा. त्यानंतर तेवढीच पोकळी ओढून पाहा, कारण दाबाला टिकलेली क्रँक सील पोकळीला हवा आत घेऊ शकते. ही तपासणी टाळलेली मशीन बारीक गळतीमुळे मिक्स हलका होऊन जाम होते, आणि दोष पोर्टिंगला दिला जातो.

तेल चांगलं घ्या, जासो एफडी दर्जाचं. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मि.लि., पण बदललेल्या इंजिनाला मी ४० ला १ देतो, लिटरला २५ मि.लि. मिक्स त्या आठवड्यापुरताच बनवा. इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढतं.

बार-चेन लावून, मशीन गरम करून, मगच कार्ब्युरेटर जुळवा. एच स्क्रू, म्हणजे वरच्या वेगाचा मिक्स ठरवणारा स्क्रू, आधी नेहमीपेक्षा अर्धा फेरा मोकळा, म्हणजे मिक्स जड. हवेत पूर्ण रेस दिली की आवाज फाटका, अडखळता यायला हवा. हा फोर-स्ट्रोकिंगचा आवाज, आणि तो इंजिनाचं रक्षण करतो. चेन लाकडात घातली की तोच आवाज एकसंध, सुरेल झाला पाहिजे. लाकडातही अडखळत असेल तर स्क्रू थोडा आवळा. हवेतच सुरेल वाजत असेल तर मिक्स हलका आहे, लगेच मोकळा करा. टॅकोमीटर असेल तर कंपनीच्या पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमपेक्षा पाचशे खाली राहा. इग्निशन कॉइल वेग अडवणारी असेल तर तिचा अडखळता आवाज फोर-स्ट्रोकिंगसारखाच येतो आणि फसवतो. अशा मशिनीवर कानावर न जाता टॅकोमीटरवरच जा.

मशीन वापरणाऱ्याला समजावून सांगा की चेनचा वेग वाढला आहे. बारचं टोक लाकडाला लागलं तर किकबॅक पूर्वीपेक्षा जोरात येईल. चेन ब्रेक चालतो की नाही हे त्याच्या समोर तपासा, आणि चालत नसेल तर मशीन देऊ नका.

पहिल्या दोन टाक्या सलग पूर्ण रेसवर ओढू नका. त्या संपल्या की मशीन थंड होऊ द्या, सायलेन्सर काढा आणि टॉर्च घेऊन एक्झॉस्टमधून पिस्टनकडे बघा. स्कर्टवर कारखान्यातल्या घासकामाच्या बारीक आडव्या रेघा तशाच दिसत असतील तर सगळं ठीक. उभे ओरखडे दिसले तर मशीन आणखी चालवू नका. आधी गळती शोधा, मग कार्ब्युरेटर. प्लगचा रंग चहासारखा असावा. पांढुरका असेल तर एच स्क्रू पाव फेरा मोकळा करा. सायलेन्सर परत लावताना त्याचे बोल्ट पुन्हा आवळा, कारण नव्या स्क्विशच्या धक्क्यांनी ते पहिल्या काही तासांतच ढिले होतात.